वाचकांचे प्रश्न : रोमची ॲग्नेस आणि तिचे कोकरू

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची निघाली, आणि त्याला कारण मीच आहे. मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी ‘कोकरू घेतलेली संत आगाथा’ असे लिहून गेलो. कोकरू आगाथाचे नाही, ॲग्नेसचे आहे. आगाथा सिसिली बेटावरच्या कातानिया शहराची आणि तिचा दिवस ५ फेब्रुवारी. ॲग्नेस रोमची आणि तिचा दिवस २१ जानेवारी. दोघीही ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत मारल्या गेलेल्या कुमारिका असल्या, तरी त्यांची अदलाबदल करण्याची मोकळीक मला नव्हती. ही चूक मिरजेच्या एका भगिनींनी सौम्य शब्दांत दाखवून दिली आणि सोबत दोन प्रश्नही पाठवले. प्रथम त्यांचेच पत्र घेतो.

प्रश्न (मिरज) : आमचे घर तीन पिढ्यांपासून मिरजेच्या प्रॉटेस्टंट मंडळीतले आहे. माझ्या जावेचे माहेर वसईचे, कॅथलिक. तिच्या खोलीत संत ॲग्नेसचे चित्र आहे आणि दर २१ जानेवारीला ती त्यापुढे मेणबत्ती लावते. ही मुलगी खरोखर होऊन गेली का, आणि तिच्या कथेतले खरे किती धरावे? दुसरे असे की मेणबत्ती लावणे म्हणजे पूजा नव्हे काय? आमच्या घरात यावरून दरवर्षी एकदा वाद होतो.

उत्तर : मुलगी होऊन गेली, ती फार लहान वयात मारली गेली आणि तिला कोठे पुरले हे रोमच्या लोकांना पहिल्यापासून ठाऊक होते. एवढा भाग भक्कम धरावा. त्यापुढे जे आपण ऐकतो त्यातले पुष्कळसे नंतर जमत गेलेले आहे.

भक्कम भागाचा सर्वांत जुना आधार अगदी कोरडा आहे. ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे विश्वासासाठी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांच्या, पुण्यतिथींची यादी आहे. तीत २१ जानेवारीच्या पुढे ॲग्नेसचे नाव आहे आणि तिचे स्थान नोमेंताना रस्त्यावर असल्याची नोंद आहे. मृत्यू कसा आला, छळ कोणी केला, बाप कोण होता, यांपैकी तेथे काहीही नाही. सम्राट डायोक्लेशियनने ३०३ साली ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्माने काढली, त्या छळात म्हणजे ३०४ च्या सुमारास ती गेली असे सर्वसाधारणपणे मानतात. काही अभ्यासक तिला त्याआधीच्या, व्हॅलेरियन बादशहाच्या काळातल्या छळात घालतात.

कथा यानंतर येते, आणि ती एकच नाही. पोप दामासस याने चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या कबरीवर संगमरवरी शिळेवर कोरलेला लॅटिन काव्यलेख बसवला. त्याचे पहिलेच शब्द मला फार प्रामाणिक वाटतात, कारण त्यांचा अर्थ ‘सांगतात असे की’ असा आहे. दामासस म्हणतो की रणशिंग वाजताच ही पोर दाईची मांडी सोडून स्वतः पुढे गेली, जुलमी राजाच्या धमक्या तिने पायाखाली तुडवल्या, तिचे अंग जाळायला काढले तेव्हा तिने आपले मोकळे केस अंगावर ओढून घेतले. म्हणजे त्याच्या सांगण्यात आग आहे. मिलानचा बिशप ॲम्ब्रोस याने ३७७ च्या सुमारास, आपली बहीण मार्सेलिना हिच्यासाठी कौमार्यव्रतावर लिहिताना ॲग्नेसची गोष्ट सांगितली. त्याच्या सांगण्यात तलवार आहे. कवी प्रुडेन्टियसही तलवारच सांगतो. पण त्याच्या आधी तिला वेश्यागृहात उभे केल्याचा प्रसंग, तिच्याकडे वाईट नजरेने पाहणारा तरुण आंधळा होण्याचा चमत्कार, हे सारे तो घालतो. पाचव्या शतकातल्या गद्य कथेत तर रोमच्या प्रीफेक्टचा, म्हणजे नगराच्या प्रमुख अधिकाऱ्याचा, मुलगा, त्याने देऊ केलेले दागिने, तिने दिलेला नकार अशी पुरी नाट्यमय मांडणी झालेली दिसते. ही तिन्ही-चारही सांगणी एकमेकांशी जुळवून घेण्याचा खटाटोप मी करणार नाही.

मला स्वतःला त्यांतला ॲम्ब्रोस सर्वांत जवळचा वाटतो, आणि तो चमत्कारांमुळे नव्हे. तो तिचे वय बारा सांगतो आणि मग त्या वयाकडे बारकाईने पाहतो. तो म्हणतो की एवढ्याशा देहात जखमेला जागा तरी होती का. या वयाच्या मुली आईबापांची रागाची नजरही सोसू शकत नाहीत आणि सुई टोचली तरी मोठी जखम झाल्यासारख्या रडतात. हिच्या बारीक मनगटांना बसेल अशी बेडीच मिळेना. सगळे रडत होते, ती तेवढी कोरड्या डोळ्यांची होती. ज्याच्या घरात बारा वर्षांची मुलगी शिवणाच्या सुईने बोट टोचून घेऊन रडत आली असेल, त्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला यातली एक गोष्ट विशेष ओळखीची वाटेल. सज्जनगडावर दासनवमीला जाणारा माणूस समर्थांच्या निर्याणाच्या तिथीला जातो आणि समाधीपाशी जातो. स्थळ आणि तिथी ही दोन पक्की, त्यांच्याभोवतीच्या आख्यायिका मात्र ज्याने त्याने ऐकल्या तशा. प्राचीन ख्रिस्ती लोकांचेही असेच होते. रक्तसाक्ष्याच्या मृत्यूच्या दिवसाला ते ‘जन्मदिवस’ म्हणत, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे संतांच्या यादीत जी तारीख दिसते ती बहुधा पुण्यतिथी असते, जयंती नसते. रोमन लोक आपल्या मृतांच्या कबरीपाशी त्यांच्या वार्षिक दिवशी जेवण करीत, आणि ख्रिस्ती लोकांनी ती रीत आपल्या रक्तसाक्ष्यांपुरती पुढे चालवली. शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला रोमन कायद्याने बंदी असल्यामुळे ही सारी ठिकाणे वेशीबाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेला होती. ॲग्नेसचे भूमिगत कबरस्तान नोमेंताना रस्त्यावर, आजच्या पोर्ता पिया या वेशीपासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे.

त्या जागेचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनची मुलगी कॉन्स्टंटिना हिने चौथ्या शतकात तेथे एक प्रचंड दफनमंदिर बांधले. त्याच्या भिंतींचे अवशेष अजून उभे आहेत आणि शेजारी कॉन्स्टंटिनाची गोल समाधीवास्तू जवळजवळ अखंड आहे. ज्या साम्राज्याने त्या पोरीला मारले त्याच्या सम्राटाच्या लेकीला मरणानंतर तिच्या शेजारी जागा हवीशी वाटली, आणि मधे फार तर दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या. सध्याचे चर्च मात्र पोप होनोरियसने सातव्या शतकात, ६२५ ते ६३८ या आपल्या कारकिर्दीत बांधले. ते कबरीच्या पातळीला असल्यामुळे आत जाताना लांब जिना उतरावा लागतो. दामाससची ती शिळा याच जिन्याच्या भिंतीत आज बसवलेली आहे. मधली अनेक शतके ती चर्चच्या फरशीत, अक्षरे खाली करून, साधा दगड म्हणून पडून होती. १७२८ मध्ये फरशीचे काम निघाले तेव्हा ती उलटली आणि लेख सापडला. फरशी बसवणाऱ्याने ती पालथी घातली म्हणून तिची अक्षरे पायांखाली झिजली नाहीत.

आता मेणबत्तीचा वाद. ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेत यावर निर्णय झालेला आहे. उपासना एका देवाचीच, आणि संतांना व त्यांच्या प्रतिमांना द्यायचा तो आदर, असा स्पष्ट फरक तेथे केला गेला, आणि कॅथलिक शिकवण आजही तीच आहे. आपली जाऊ ॲग्नेसकडे मागते ती मध्यस्थी. ‘माझ्यासाठी देवाकडे प्रार्थना कर’ एवढेच. प्रॉटेस्टंट बाजूचे म्हणणे १५३० च्या ऑग्सबर्गच्या विश्वासपत्रात आहे: संतांचे स्मरण अवश्य करावे, त्यांच्या विश्वासाचे आणि सत्कृत्यांचे अनुकरण करावे, परंतु त्यांचा धावा करू नये, कारण मध्यस्थ एकच आणि तो ख्रिस्त. म्हणजे आपल्या घरातला वाद मेणबत्तीवर नसून मागण्यावर आहे. मेणबत्ती केवळ आठवणीची असेल, तर मिरजेच्या मंडळीतल्या कोणालाही तिच्यावर आक्षेप घेणे अवघड आहे. इंग्लंडच्या चर्चने १६६२ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकाच्या दिनदर्शिकेत २१ जानेवारीला ॲग्नेसचे नाव राहू दिले आहे, हेही जावेला सांगावे.

प्रश्न (जत तालुका) : आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे आहेत. मागच्या अंकातल्या कोकराबद्दल वाचले. ती मुलगी धनगराची होती काय? आणि त्या कोकराचे तिच्या मरणाशी काय नाते?

उत्तर : ती धनगराची नव्हती, कथा सांगणारे तिला चांगल्या घरची रोमन मुलगी म्हणतात. कोकरू आले ते शब्दाच्या खेळातून. ‘ॲग्नेस’ हे नाव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘शुद्ध, पवित्र’ असा होतो. लॅटिनमध्ये मात्र ‘आग्नुस’ म्हणजे कोकरू. नाव कानावर पडताच रोमच्या माणसाला कोकरू आठवणारच. संत ऑगस्टीनने आपल्या प्रवचनात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवले आहेत. चित्रात कोकरू यायला मात्र वेळ लागला. इटलीतल्या राव्हेन्ना शहरातील एका चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकातील मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे बसवून केलेले चित्र, आहे. त्यात बावीस कुमारिका एका ओळीत चालल्या आहेत आणि त्यांत एकट्या ॲग्नेसच्या पायाशी कोकरू आहे. गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या चर्चमध्ये, होनोरियसने करवलेल्या सोनेरी मोझेइकमध्ये, कोकरू नाहीच. तेथे ती राणीच्या पोशाखात उभी आहे आणि तिच्या पायाशी तलवार आहे व ज्वाळाही आहेत. आगीने मेली की तलवारीने, हा लेखकांचा वाद कारागिराने दोन्ही गोष्टी काढून मिटवला.

आपल्याला खरा रस वाटेल तो पुढच्या भागात. दरवर्षी २१ जानेवारीला रोममध्ये दोन कोकरांना आशीर्वाद देण्याची जुनी रीत आहे. कोकरे टोपलीत घालून आणतात, आणि एकाच्या डोक्यावर पांढऱ्या व दुसऱ्याच्या डोक्यावर लाल फुलांचे कडे असते. पांढरा रंग तिच्या कौमार्याचा आणि लाल तिच्या रक्ताचा. पुढे त्यांची लोकर कातरली जाते आणि ती ‘पॅलियम’ विणण्यासाठी वापरतात. पॅलियम म्हणजे खांद्यांवरून गळ्याभोवती येणारी, पुढेमागे टोक लोंबणारी अरुंद पांढरी लोकरी पट्टी. तिच्यावर सहा काळे क्रूस असतात. विणकाम अलीकडच्या काळापर्यंत रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातील संत सेसिलियाच्या मठातल्या जोगिणी करीत आल्या आहेत. सेसिलियादेखील कुमारी रक्तसाक्षीच, म्हणून हे काम योग्य घरी गेले म्हणायचे. तयार पॅलियमना २९ जूनला, संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाला पोप आशीर्वाद देतात, आणि मग ते जगभरच्या प्रांतप्रमुख आर्चबिशपांकडे जातात. मुंबईचे आर्चबिशप अशा प्रांतप्रमुखांपैकी असल्यामुळे त्यांच्या खांद्यावरही हीच पट्टी असते. मेंढपाळाने चुकलेले मेंढरू खांद्यावर घ्यावे, तशी ती खांद्यावर घ्यायची.

आपल्याला हे विचित्र वाटू नये. आटपाडी-जत भागात कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला ‘जावळ’ म्हणतात, आणि जावळाचे घोंगडे मऊ म्हणून सगळ्यांत मानाचे असते. माणसाच्या पोराच्या पहिल्या केसांनाही आपण जावळच म्हणतो. मी लहानपणी एका सनगराच्या मागापाशी बसून घोंगडे विणताना पाहिले आहे. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून ते उन्हात ताणलेले असत आणि त्या खळीचा उग्र वास घरी आल्यावरही अंगाला येई. रोमच्या मठात चिंचोके नसणार हे उघड आहे. पण लहान कोकराची पहिली लोकर साध्या कामाला लावायची नाही, ही समज दोन्हीकडे आहे.

प्रश्न (सातारा) : मी महाविद्यालयात शिकते. या सगळ्या संत स्त्रियांच्या नावामागे ‘कुमारी’ हे बिरूद का लागते? पुरुष रक्तसाक्ष्यांना कोणी ‘ब्रह्मचारी’ म्हणून ओळखत नाही. मुलीची किंमत तिच्या कौमार्यावर ठरवण्याचाच हा प्रकार नाही का?

उत्तर : आपला आक्षेप बिनबुडाचा नाही. हे वृत्तान्त लिहिणारे सगळे पुरुष होते आणि त्यांतल्या काहींना मुलीच्या धैर्यापेक्षा तिच्या अंगावरच्या केसांत अधिक रस होता, हे वाचताना जाणवते. वेश्यागृहाचा प्रसंग प्रत्येक नव्या कथेत जसा लांबत जातो त्यावरूनही ते दिसते.

तरीही त्या काळच्या रोममध्ये ‘मी लग्न करणार नाही’ या वाक्याचे वजन किती होते ते पाहिले पाहिजे. मुलीच्या विवाहाचे कायदेशीर किमान वय बारा होते, म्हणजे ॲम्ब्रोसने सांगितलेले ॲग्नेसचेच वय. मुलगी बापाच्या सत्तेखाली असे. ऑगस्टसच्या काळापासून, इसवी सनपूर्व १८ आणि इसवी सन ९ या वर्षांच्या कायद्यांनी, अविवाहित राहणाऱ्यांच्या वारसाहक्कांवर निर्बंध आलेले होते, आणि ते कॉन्स्टंटाइनने ३२० साली उठवले. राज्याला प्रजा हवी होती आणि प्रजा देणे हे स्त्रीचे कर्तव्य होते. रोमला कुमारिका ठाऊक नव्हत्या असे नाही. वेस्ता देवीचा अग्नी राखणाऱ्या सहा कुमारिकांना मोठा मान होता. पण त्यांची निवड लहानपणीच दुसरे लोक करीत, आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांना विवाहाची मोकळीक असे. बारा वर्षांच्या मुलीने स्वतः ठरवून, कोणाला न विचारता, जन्मभरासाठी नकार देणे ही निराळीच गोष्ट होती. त्या नकारात बाप, वर आणि सम्राट या तिघांचाही हक्क एकदम झुगारला जात होता. म्हणून ‘कुमारी’ हा शब्द त्या लोकांच्या कानाला जेवढा सोज्वळ वाटे तेवढाच उद्धटही वाटत असला पाहिजे.

पुढच्या शतकांत या बिरुदातला नकार झिजला आणि सोज्वळपणा तेवढा उरला. आपला राग त्या उरलेल्या भागावर आहे, आणि तो रास्त आहे.

प्रश्न (वडूज) : आपण ‘रक्तसाक्षी’ हा शब्द वापरता. ‘हुतात्मा’ हा रूढ शब्द असताना तो कशाला?

उत्तर : वडूजच्या वाचकाने हा प्रश्न विचारावा हे साहजिक आहे, १९४२ च्या सप्टेंबरात तेथल्या कचेरीवर गेलेल्या मोर्चामुळे ‘हुतात्मा’ हा शब्द आपल्या गावात पुस्तकी राहिलेला नाही. दोन्ही शब्द चालतात आणि मराठी ख्रिस्ती लेखनात दोन्ही आढळतात. फरक प्रतिमेचा आहे. ‘हुत’ म्हणजे होमात अर्पण केलेले; हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘साक्षीदार’ असा आहे, अगदी कोर्टातला साक्षीदार. ख्रिस्ती आरोपीला रोमन अधिकारी विचारीत की तू ख्रिस्ती आहेस का, आणि ‘होय’ हे उत्तर हीच त्याची साक्ष आणि तोच त्याचा गुन्हा असे. तो शब्द रक्ताने खरा केला जाई, म्हणून रक्तसाक्षी. ॲग्नेसच्या बाबतीत हाच शब्द मला अधिक नेमका वाटतो.

प्रश्न (सांगली) : जुन्या बाजारात एक चौकट घेतली. तिच्यात एक तरुण मुलगी हातात ताटली घेऊन उभी आहे आणि ताटलीत दोन डोळे आहेत. खाली नाव नाही. ही ॲग्नेस म्हणावी की आगाथा?

उत्तर : दोन्ही नव्हे, ती लुसी आहे; सिसिलीतल्या सिराक्यूज शहराची, दिवस १३ डिसेंबर. तिच्या नावाचे मूळ ‘प्रकाश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात असल्यामुळे डोळे तिच्याकडे आले, जसे नावामुळेच कोकरू ॲग्नेसकडे आले. आगाथाचे स्तन कापल्याची कथा असल्यामुळे तिच्या ताटलीत ते असतात, आणि लांबून पाहिले तर डोळे, स्तन की पाव हे कळत नाही, म्हणून ताटली पाहून घाईने नाव ठेवू नये. बुरूज असेल तर बार्बारा, मोडके चाक असेल तर कॅथरिन, वाद्य असेल तर सेसिलिया. ही यादी मी आता माझ्या टेबलाच्या काचेखाली लावून ठेवली आहे.